भाजीला रविवार कळत नाही

आमच्या सोसायटीच्या पंपघरामागे दहा फूट रुंद आणि तीस फूट लांब अशी एक पट्टी वर्षानुवर्षं पडून होती. फुटक्या फरशा, गाजरगवत आणि कोणाच्या तरी जुन्या कुलरचा सांगाडा एवढीच तिची मालमत्ता. एका जूनमध्ये ठरलं, की इथे सगळ्यांनी मिळून भाजी लावायची. पहिल्या रविवारी बावीस माणसं आली. कुदळी तीनच होत्या, त्यामुळे बाकीच्यांनी सूचना केल्या. गणपतीपर्यंत आठ जण उरले आणि दिवाळीत चार. त्या चौघांना काय दिसलं? भेंडीची झाडं माणसाच्या छातीला लागत होती आणि त्यांवरच्या भेंड्या इतक्या निबर झाल्या होत्या, की विळीलाही दाद देईनात.

कोणाचं कोणाशी भांडण झालं नव्हतं. मुद्दाम टाळाटाळ करणारंही कोणी नव्हतं. बी चांगलं होतं, पाण्याची तोटी दहा पावलांवर होती. तळमजल्यावरच्या आजींनी मात्र एका वाक्यात निकाल दिला: "बारभाईची खेती, काय लागेल हाती!"

म्हण खरी मानावी, तर एक कोडं उरतं. ज्या महाराष्ट्रात ही म्हण आहे, तिथेच सावड आहे: आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. इर्जिक आहे: शेजारीपाजारी आपापली औतं घेऊन एकाच्या रानात उतरतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. म्हणजे बारा जणांनी मिळून शेती करणं आपल्याला जमत आलेलं आहे. मग पंपघरामागे का फसलं? पुढची दोन वर्षं त्या पट्टीवर खुरपं चालवताना याचं उत्तर हळूहळू उलगडत गेलं. ते थोडं मातीत आहे, थोडं भाजीच्या स्वभावात आणि थोडं माणसांच्या हिशेबात.

दोन घड्याळं

सामायिक बागेत दोन घड्याळं चालतात. एक माणसांचं. ते आठवड्याचं आहे, कारण नोकरी, शाळा, क्लास यांतून रविवारची सकाळ तेवढी मोकळी असते. दुसरं झाडांचं. त्याला रविवार कळत नाही. मुळं रोज पाणी पितात, तण रोज वाढतं, भेंडी रोज लांबते.

शेतकऱ्याची किंवा घरच्या कुंडीची गोष्ट वेगळी. तिथे माणूस रोज समोर असतो, त्यामुळे दोन्ही घड्याळं आपोआप जुळतात. सामायिक बागेत एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत सहा दिवसांची दरी असते. बाग टिकवायची म्हणजे ती दरी बुजवायची. आच्छादन, खत, पिकांची निवड, पाळ्या, फळ्यावरची यादी ही सगळी त्याच एका कामाची हत्यारं.

माती म्हणजे पाण्याची टाकी

पाण्यापासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब अगदी सरळ आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरलं, तर ते बरोबर एक लिटर भरतं. भाजीच्या भरलेल्या वाफ्यातून आपल्या हवेत हिवाळ्यात दिवसाला साधारण तीन-चार मिलिमीटर आणि भर उन्हाळ्यात सहा-सात मिलिमीटर पाणी उडून जातं. म्हणजे एका चौरस मीटरला हिवाळ्यात तीन-चार लिटर आणि उन्हाळ्यात सहा-सात लिटर.

आता टाकी किती मोठी? भाज्यांची बहुतेक मुळं वरच्या फूटभर थरात असतात. मध्यम पोताची, भुसभुशीत माती असेल, तर एका चौरस मीटरच्या त्या थरात झाडाला ओढून घेता येईल असं पाणी चाळीस ते पन्नास लिटर मावतं. पण सगळंच सहज मिळत नाही. आमरसाच्या पातेल्याचं जसं होतं, अर्धं पातेलं डावाने भराभर निघतं आणि नंतर खरवडत बसावं लागतं, तसंच मुळांचं. पहिलं अर्धं पाणी आरामात मिळतं, नंतर झाड कष्टी होतं, वाढ मंदावते, फुलं गळतात. थोडक्यात, खर्चाला मोकळे वीस ते पंचवीस लिटर.

भागाकार करा. हिवाळ्यात ही शिल्लक सहा-सात दिवस पुरते, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात रविवार ते रविवार कसंबसं निभावतं. उन्हाळ्यात ती चौथ्या दिवशीच संपते. रविवारी तुम्ही कितीही ओता, जास्तीचं पाणी मुळांच्या खाली झिरपून जातं. भरलेल्या टाकीत आणखी पाणी सोडल्यासारखंच ते. म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दुप्पट पाणी देण्यापेक्षा दोनदा बेताचं देणं शहाणपणाचं. आमच्याकडे बुधवारची पाळी सुरू झाली ती याच भागाकारातून. ती कोणा शिस्तप्रिय सेक्रेटरीच्या डोक्यातून आलेली नव्हती.

शिल्लक लांबवायचा आणखी एक उपाय आहे. वाफ्यातून पाणी दोन वाटांनी जातं: पानांतून आणि उघड्या मातीतून. पानांची वाट बंद करता येत नाही, करूही नये. पण उघड्या मातीची वाट झाकता येते. वाळलेला पाला, उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचा तीन-चार बोटं जाडीचा थर मातीवर पसरला, की ऊन आणि वारा थेट मातीला भिडत नाहीत. यालाच आच्छादन म्हणतात. रोपं लहान असताना जमीन जास्त उघडी असते, त्यामुळे तेव्हा त्याचा फायदा सर्वांत जास्त. शिवाय खालच्या तणाच्या बियांना उजेड मिळत नाही, म्हणजे खुरपणीही कमी.

कोणती भाजी किती वाट पाहते?

आमच्या पहिल्या वर्षाची मोठी चूक भेंडी ही होती. पीक वाईट नव्हतं, आमच्या घड्याळाशी जुळणारं नव्हतं.

भेंडीचं फूल उमललं, की पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. समजा, एक फूल बुधवारी उमललं. रविवारी त्याची भेंडी करंगळीएवढी असते, म्हणून आपण ती सोडतो. पुढच्या रविवारी तिला अकरा दिवस झालेले असतात आणि ती भाजीची राहिलेली नसते. तोटा एवढ्यावर थांबत नाही. आत बी भरू लागलं, की झाड आपली ताकद त्या बियांकडे वळवतं आणि नवी फुलं कमी काढतं. झाडाच्या दृष्टीने बी तयार होणं म्हणजे आयुष्याचं काम झालं. आपण कोवळी भेंडी तोडतो, तेव्हा त्याचं काम अर्धवट राहतं, म्हणून ते पुन्हा फुलतं. एक निबर भेंडी झाडावर राहणं म्हणजे पुढच्या चार भेंड्यांवर पाणी सोडणं.

गवार, काकडी, दोडका यांची घाईही अशीच. त्यांना दिवसाआड माणूस लागतो. याउलट काही भाज्या सबुरीच्या. मेथी पंचवीस-तीस दिवसांत येते आणि एकदाच उपटायची असते. पालक कापला तरी पुन्हा फुटतो. मुळा आठवडाभर मागेपुढे झाला तरी चालतो. लाल भोपळा पिकून वेलावर पडून राहिला, तरी वाट पाहतो आणि तोडल्यावर घरात महिनोन् महिने टिकतो. अळू, कढीपत्ता, गवती चहा, शेवगा, सुरण यांना तर कॅलेंडरशी काही देणंघेणंच नसतं.

त्यावरून एक साधा नियम निघतो: आपल्याकडे आठवड्यातून माणूस किती वेळा येणार ते आधी मोजावं आणि मग बी आणावं. एकच वार असेल, तर सबुरीच्या भाज्या. दोन-तीन वार खात्रीचे असतील, तरच भेंडी.

पहिल्या हंगामात मेथी आणि मुळा लावण्याचं दुसरंही कारण आहे. त्यांचं फळ महिना-सव्वा महिन्यात हाती येतं. नव्या माणसाचा उत्साह साधारण तेवढाच टिकतो. टोमॅटोने पहिला लाल रंग दाखवेपर्यंत आमच्या बावीसपैकी निम्मे गळाले होते.

ढीग का तापतो?

आतापर्यंत बारा जण ही अडचण वाटत होती. कंपोस्टच्या ढिगात मात्र बारा जणच लागतात.

स्वयंपाकघरातला ओला कचरा एका घराने बादलीत साठवला, तर तो बहुधा कुजतो, घाण येते, चिलटं होतात. तोच कचरा वीस घरांनी आणून, वाळक्या पाल्यात मिसळून, कमरेएवढा ढीग रचला, तर दोन-तीन दिवसांत त्यातून वाफा निघतात. आत हात घालवत नाही. तापमान पंचावन्न ते पासष्ट अंश सेल्सियसपर्यंत चढतं. असं का?

ढिगातले जिवाणू आपल्यासारखेच खातात, श्वास घेतात आणि उष्णता सोडतात. एका बादलीतली उष्णता चारी बाजूंनी निघून जाते. ढीग मोठा झाला, की आतला ऐवज वाढतो त्या मानाने बाहेरची पाठ वाढत नाही, म्हणून उष्णता कोंडते. थंडीत एकट्याने झोपणं आणि सगळ्यांनी एका गोधडीत झोपणं यांत जो फरक, तोच. साधारण मीटरभर लांबी, रुंदी आणि उंची असेल, तर ढीग चांगला तापतो. या उष्णतेत तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात आणि काम झपाट्याने होतं. एका घराला एवढा ढीग रचायला महिने लागतील. वीस घरांना एक-दोन रविवार पुरतात.

फक्त ढिगाचा स्वयंपाक नीट हवा. जिवाणूंना दोन गोष्टी लागतात: ताकदीसाठी कार्बन आणि अंग धरण्यासाठी नायट्रोजन. पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन, हे प्रमाण त्यांना मानवतं. वाळका पाला कार्बनचा, तर भाजीची देठं, चहाचा चोथा आणि हिरवं गवत नायट्रोजनचं. घरगुती हिशेब असा, की ओल्या कचऱ्याच्या एका बादलीवर वाळक्या पाल्याच्या दोन-तीन बादल्या. ओल इतकीच असावी, की मूठ दाबली तर थेंब-दोन थेंब सुटावेत, धार लागू नये. ढिगाला अमोनियाचा उग्र वास आला, तर पाला कमी पडला. कुजक्या अंड्याचा आला, तर हवा कमी पडली, ढीग उलथा.

हे ज्ञान महाराष्ट्रात नवं नाही. श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्यांना स्वतःच प्रयोग करून एकमेकांना शिकवायला लावलं. पालापाचोळ्यापासून सुपीक माती बनवण्याची त्यांची पद्धत पुढे शहरांतल्या गच्च्यांवरही पोचली. या पद्धतीत वापरलं जाणारं अमृतजल म्हणजे दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. ते तीन दिवस ढवळत ठेवायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. जिवाणूंना दिलेलं ते विरजणच. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२च्या सुमारास प्रीती पाटील यांनी उभी केलेली बागही मुदपाकखान्याच्या ओल्या कचऱ्यावरच वाढली.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी एक हिशेब विसरू नये. ओल्या मातीचा फूटभर थर एका चौरस मीटरला जवळपास पाचशे किलो भरतो. इमारतीच्या साध्या गच्चीवर दीडशे किलोच्या आसपास भार धरलेला असतो. पाल्यापासून केलेली हलकी माती, उथळ वाफे आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला, या तिन्हींना पर्याय नाही.

बारभाईचं गणित

आता माणसांकडे येऊ. आजींच्या म्हणीला १९६८ साली अमेरिकी शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या एका गाजलेल्या लेखाने पाठबळ दिलं. त्यांचं उदाहरण असं: गावाच्या सामायिक कुरणावर प्रत्येकाला वाटतं, आपलं आणखी एक जनावर चरायला सोडावं. त्याचा फायदा सगळा आपला आणि कुरणाची झीज मात्र सगळ्यांत वाटली जाते. प्रत्येक जण असाच विचार करतो आणि कुरण संपतं.

बागेत ही गोष्ट उलटी चालते. तिथे कोणी जास्त घेतो म्हणून नुकसान होत नाही, जो तो थोडं कमी देतो म्हणून होतं. बुधवारी आठ झाऱ्या पाणी ओतायचे कष्ट माझे एकट्याचे आणि त्याची मेथी वीस घरांत वाटली जाणार. त्यात "कोणीतरी घातलं असेल" असं वाटायला वाव असतो. बावीस जणांना एकाच संध्याकाळी असं वाटलं, की वाफा कोरडा राहतो.

पण हार्डिन यांचं चित्र अपुरं होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईंनी स्वित्झर्लंडमधली कुरणं, जपानमधली गावरानं, स्पेन आणि नेपाळमधले पाट तपासले. त्यांना दिसलं, की अनेक ठिकाणी लोकांनी सामायिक गोष्टी शतकानुशतकं नीट सांभाळल्या आहेत. त्यांचं पुस्तक १९९० साली आलं आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. टिकलेल्या ठिकाणांत त्यांना काही गोष्टी समान आढळल्या: कोण आत आणि कोण बाहेर हे स्पष्ट असतं, नियम वापरणारेच ठरवतात, देखरेख त्यांच्यातलंच कोणी करतं, चूक झाली तर शिक्षा आधी हलकी असते आणि तंटा जवळच, बिनखर्चात मिटतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची पाणी-पंचायत आजही गुरुवारी दुपारी चर्चच्या दाराशी उघड्यावर भरते.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या धुळे-नाशिक भागातली फड पद्धत कित्येक पिढ्या जुनी आहे. पांझरेसारख्या नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेतकऱ्यांच्या जमिनी साधारणपणे निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असतात. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तरी झळ एकट्यादुकट्याला लागत नाही. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार. शेतकऱ्याने स्वतः पाण्यासाठी रात्र जागवायची नाही.

फडावर भलेपणावर विसंबून काहीच सोडलेलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कोणतं काम कोणाचं, हे तिथे नावानिशी ठरलेलं असतं.

पंपघरामागचा पाटकरी

दुसऱ्या वर्षी आम्ही फडाचीच छोटी नक्कल केली. पंपघराच्या भिंतीवर एक काळा फळा टांगला. त्यावर सात वार आणि प्रत्येक वारापुढे एक नाव. "सगळ्यांनी पाणी घाला" हे वाक्य पुसलं. नाव लिहिलेला माणूस गावाला जाणार असेल, तर बदली त्याने शोधायची. बदली दिली की ती परत फेडायची. सावड हीच.

वाटपाचा प्रश्न अवघड होता. सगळ्यांना सारखं द्यायचं, की कामाप्रमाणे? कामाप्रमाणे द्यायचं तर मिनिटं मोजावी लागतात आणि मग बाग सोडून हजेरीपट सांभाळत बसावं लागतं. आम्ही मध्य काढला. त्या आठवड्यात ज्याने एक तरी पाळी केली, त्याला एक वाटा, मग पाळी दहा मिनिटांची असो वा तासाची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना वाकता येत नाही. ते बी निवडतात, फळा लिहितात. त्यांचाही एक वाटा.

येताजाता कोणीतरी चार पानं तोडतो, यावरून पहिल्या वर्षी कुजबूज फार झाली होती. कुंपण घालण्याऐवजी आम्ही कडेला कढीपत्ता, पुदिना आणि गवती चहा लावला. ही रांग सगळ्यांची, कोणीही न विचारता घ्यावी, आतले वाफे मात्र पाळीवाल्यांचे. हात कडेलाच थबकू लागले. मनाई करण्यापेक्षा कुठे मोकळीक आहे हे दाखवणं सोपं गेलं.

आणि महिन्यातून एकदा, शेवटच्या रविवारी, तिथल्याच भाजीची भाकरीसोबत पंगत. इर्जिकातलं जेवण हे नुसतं आभारप्रदर्शन नसतं. कोण आलं, कोण आलं नाही, कोणाचं काय बिनसलं, हे पंगतीत कळतं आणि बऱ्याचदा तिथेच मिटतंही.

चौकट: सामायिक भाजीबाग सुरू करताना

• आठवड्यातून नक्की येणारे वार मोजा, मग पिकं ठरवा.
• पहिला हंगाम मेथी, मुळा, पालक यांचा. भेंडी, गवार, काकडी नंतर.
• १ चौरस मीटर वाफ्याला रोज हिवाळ्यात ३–४ लिटर, उन्हाळ्यात ६–७ लिटर पाणी. उन्हाळ्यात आठवड्यातून किमान २ पाळ्या.
• मातीवर ३–४ बोटं आच्छादन.
• कंपोस्टचा ढीग मीटरभर उंच. १ बादली ओला कचरा, २–३ बादल्या वाळका पाला.
• प्रत्येक कामापुढे एकच नाव. बदली ज्याची त्याने शोधायची.
• कडेची रांग सर्वांना मोकळी.

म्हणीचं काय?

आजींची म्हण आता मला वेगळी ऐकू येते. बारा भाऊ असणं हा काही दोष नव्हे. बारा जणांच्या कचऱ्याशिवाय ढीग तापत नाही आणि बारा जणांशिवाय सहा दिवसांची दरीही बुजत नाही. दोष असतो तो कोणाचा वार कोणता, हे न ठरण्यात.

यंदा आम्ही पुन्हा भेंडी लावली आहे, फक्त दोन ओळी. फळ्यावर मंगळवार, गुरुवार आणि शनिवार यांच्यापुढे 'भेंडी' असं लिहिलंय आणि पुढे तीन नावं. शनिवारचं नाव आजींचं आहे. त्या खुर्ची घेऊन वाफ्याशी बसतात, नातवाला बोटाने दाखवतात आणि तोडलेली प्रत्येक भेंडी शेंड्याशी मोडून पाहतात. 'कट्' असा आवाज आला, तरच ती टोपलीत जाते.